शेवटचा टाका

शास्त्रपाठ : १ शमुवेल २:१२–२१ व १५:२४–२८, प्रेषितांची कृत्ये ९:३६–४२



हन्नेची प्रार्थना आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. मातृदिनी तिच्यावर संदेश होतात, महिला मंडळाच्या सभांतून तिचे गीत वाचले जाते. परंतु ते गीत संपल्यावर त्याच अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात एक लहानशी गोष्ट नमूद केली आहे, आणि तिच्यापाशी थांबणारे उपदेशक आम्ही थोडेच पाहिले. हन्ना आपल्या मुलासाठी दरवर्षी एक छोटा झगा तयार करी आणि नवऱ्याबरोबर वार्षिक यज्ञासाठी शिलोस जाताना तो घेऊन जाई, एवढीच ती गोष्ट.

ज्या भगिनींनी लेकरांचे कपडे घरी शिवले आहेत त्यांनी क्षणभर विचार करावा. मूल समोर उभे नाही. वर्षातून एकदाच ते दृष्टीस पडते, आणि अंग तर वाढते आहे. गेल्या वर्षी त्याचा खांदा आपल्या कमरेच्या किती वर येत होता ते आठवायचे, शेजारच्या त्याच वयाच्या पोराकडे नजर टाकायची आणि अंदाजाने कापड कापायचे. बाह्या बोटभर लांब ठेवायच्या, खालचा काठ आत जरा जास्त दुमडायचा, म्हणजे पुढे सोडवता येईल. हे काही शास्त्रात लिहिलेले नाही, हे आम्हांला मान्य आहे. पण न पाहिलेल्या लेकराचे माप घ्यायला आईपाशी दुसरा मार्ग तो कोणता?

त्याच्या आधीच्या वचनात सांगितले आहे की, शमुवेल हा मुलगा तागाचे एफोद घालून परमेश्वराची सेवा करीत होता. एफोद हे याजकाचे वस्त्र. एवढ्याशा पोराच्या अंगावर ते पाहून शिलोच्या यात्रेकरूंपैकी कोणी कौतुकाने हसलेही असेल आणि म्हणाला असेल की, पोर याजक-याजक खेळते आहे! परंतु त्याच पानावर एलीच्या मुलांची हकिकत आहे. हफनी आणि फिनहास हे पुरत्या मापाचे याजक होते. लोकांचे मांस शिजत असताना त्यात तीन दातांचा काटा खुपसून येईल ते उचलण्याची तिथे रीत पडली होती. चरबीचे हवन होण्याआधीच त्यांचा चाकर कच्चे मांस मागे, आणि दिले नाही तर जबरीने घेईन असे बजावी. पवित्र लेखकाने ह्या दोन हकिकती वेण्यांसारख्या एकमेकींत गुंफल्या आहेत: थोडे त्या दोघांविषयी, मग शमुवेलाविषयी, पुन्हा त्या दोघांविषयी. देवाच्या घराचा खेळ कोणी मांडला होता, हे वाचकाने आपले आपण ओळखावे.

ह्या वचनांकडे आम्हांला परत आणले ते एका खेळण्याने, आणि आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीने. ती येथे लिहिताना संकोच वाटतो. परंतु शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आम्ही पुष्कळ वर्षे उपदेश करीत आलो आहोत, तेव्हा एकदा आमची उलटतपासणी त्यांच्यासमोर झाली तर ते रास्तच होईल.

निर्मल हे गाव आमच्या नांदेडकडच्या वाचकांना परके नाही. भोकर आणि भैंशावरून रस्ता तिकडे जातो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सारा मुलूख आणि आमचा मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होता. पुढे राज्ये निराळी झाली आणि २०१६ साली निर्मल आदिलाबादेतून निघून स्वतंत्र जिल्हाही झाला. पण सोयरिकी आणि नोकऱ्यांनी जोडलेली माणसे जिथल्या तिथे राहिली. त्यामुळे तेथे बाहेर तेलुगू आणि चुलीपाशी मराठी बोलणारी काही घरे आजही आहेत. अशा घरांच्या आग्रहावरून आम्ही तेथे हंगामाच्या सणाला गेलो होतो.

निर्मल म्हटले की खेळणी. शब्बाथ शाळेच्या मुलांना काही न्यावे म्हणून आदल्या दिवशी आम्ही कारागिरांच्या वस्तीत गेलो. पोनकी नावाच्या झाडाचे हलके, मऊ लाकूड घेऊन ते वाळवतात, कोरतात आणि निरनिराळे भाग चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून केलेल्या लुकणाने जोडतात. मग पांढऱ्या मातीचा हात देऊन रंग. हे काम करणाऱ्यांना नक्काश म्हणतात. १९५५ साली त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. आता पोनकीची झाडे जंगलात कमी होत चालली आहेत आणि लाकूड मिळणे सोपे राहिलेले नाही. तेथले सीताफळ आम्ही हातात घेतले तर त्याचा एकएक डोळा असा उठलेला होता की दाबून पाहावेसे वाटले. आम्ही एक टोपलीभर फळे घेतली. ह्या फळांत गर नाही, म्हणून कोणी त्यांना दोष देत नाही. ती पाहण्यासाठीच केलेली असतात. हे आम्ही सांगतो अशासाठी की, दुसऱ्या दिवशी आमच्या मनात खेळणे म्हणजे अशी वस्तू, हेच घट्ट बसलेले होते.

उपासनेनंतर लिलाव झाला. आमच्या मंडळ्यांतून हा लिलाव कसा रंगतो ते वाचकांना सांगायला नको. भोपळा आला, कणसांची जुडी आली, कोंबडा आला व त्याने उपदेशकापेक्षा मोठ्याने घोषणा केली. मग नऊदहा वर्षांची एक मुलगी पुढे आली आणि तिने एक कापडी पिशवी आमच्या हातात दिली. पिशवी तळहाताएवढी, आत ओंजळभर ज्वारी, तोंड रंगीत नाडीने बांधलेले. तिने ती स्वतः शिवली होती. पिशवीच्या वरच्या कोपऱ्यात धाग्याचे एक टोक लोंबत होते. ते दिसायला बरे नाही म्हणून आम्ही चिमटीत धरले आणि तोडण्यासाठी ओढले.

धागा तुटला नाही. तो येतच राहिला. आमच्या हातात वीतभर, मग हातभर धागा आला, पिशवीची बाजू वरपासून खालपर्यंत उघडी पडली आणि ज्वारी मेजावरून जमिनीवर सांडली. सारी मंडळी हसली. एवढ्यावर आम्ही थांबलो असतो तर तो अपघात ठरला असता. पण लोक हसत आहेत असे पाहून आम्हांलाही विनोद सुचला. आम्ही म्हणालो, "निर्मलचे खेळणे आहे, दाणे ठेवायला नव्हे, बघायला केलेले!" हशा दुप्पट झाला. मुलगी खाली बसून ज्वारी वेचू लागली. अर्धी वेचली आणि उठून निघून गेली. लिलाव पुढे चालला.

दुपारी जेवणाचे आमंत्रण नेमके त्याच घरी होते. मुलीची आजी ऐंशीच्या घरातली, लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. तिने आम्हांला वाढले, पोटभर खाऊ घातले आणि हात धुतल्यावर आतून एक वस्तू आणून मेजावर ठेवली. ते एक शिवणयंत्र होते, काळे, बिडाचे, वीतभरही उंच नाही. त्यावर सिंगरची अक्षरे अर्धीमुर्धी शिल्लक. बोर्डिंगातल्या मिससाहेब कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा नाताळची भेट म्हणून त्यांनी ते तिला दिले होते.

"पाळकसाहेब," आजी म्हणाल्या, "ह्याला खेळणं म्हणतात खरं. पण हे शिवतं."

आणि ते खरोखरच शिवते. सिंगर कंपनीने हे क्रमांक २० चे छोटे यंत्र १९१० साली काढले. जर्मनीत म्युलर आणि कासिगे हे कारखानेही मुलींसाठी अशी यंत्रे करीत. त्यांची पुष्कळशी पत्र्याची आणि फुलापानांनी रंगवलेली असत. आपल्याकडे अशी यंत्रे कोणा साहेबाच्या, मिशनऱ्याच्या किंवा सधन घरच्या सामानातून आलेली क्वचित दिसतात. जुन्या वस्तू जमवणारे त्यांना चांगली किंमत देतात. आजींकडेही विचारणा झाली होती. त्यांनी विकले नाही. का, हे आम्ही विचारले नाही.

आता आमच्या चुकीचे कारण समजण्यासाठी ह्या यंत्राचे काम समजून घेतले पाहिजे. शिंप्याच्या दुकानातले मशीन दोन धाग्यांनी शिवते. एक धागा वरून सुईतून येतो, दुसरा खाली बॉबिनमध्ये असतो, आणि कापडाच्या आत दोघे एकमेकांना अडकतात. अमेरिकेत ईलायस हौ ह्याला १८४६ साली ह्या पद्धतीचे पेटंट मिळाले, आणि १८५१ साली पेटंट घेतलेल्या सिंगरच्या यंत्राने ती घरोघरी नेली. त्याआधी १८३० साली फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या गरीब शिंप्याने एकाच धाग्याने साखळी टाका घालणारे यंत्र केले होते. पोटावर पाय येईल ह्या भीतीने इतर शिंप्यांनी त्याचा कारखाना फोडला आणि तो बिचारा दारिद्र्यातच वारला.

जाता जाता एक सांगतो. १९२४ साली गांधीजींनी यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राला अपवाद केले होते, आणि सिंगरने ते पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी शोधले असे ते समजत होते. पुष्कळ उपदेशकांनी हा दृष्टांत वापरला आहे. आम्हीही एकदा वापरला. सिंगरसाहेबांचे कौटुंबिक चरित्र वाचल्यावर मात्र तो सोडून दिला. त्यांनी इतके संसार थाटले होते की शब्बाथ शाळेत ते न सांगितलेले बरे.

तर ह्या खेळण्यातल्या यंत्राला बॉबिन नाही. धागा एकच. सुई तो कापडाखाली नेते, खालचा आकडा त्याचा फासा धरून ठेवतो, आणि पुढच्या टाक्याला सुई त्याच फाशातून नवा फासा खाली सोडते. असा प्रत्येक फासा मागच्याला धरून ठेवतो. वरून साधी टीप दिसते आणि खालून साखळी. शेतकरी बंधूंना ही शिवण चांगली माहीत आहे, कारण खताच्या पोत्याचे तोंड अशाच साखळीने शिवलेले असते. नेमके टोक सापडले की एका ओढीत पोते उघडते, आणि चुकीचे टोक धरले तर अर्धा तास शिव्या, क्षमा करा, श्रम. आजींनी चिंधीवर चार बोटे टीप मारून दाखवली आणि सुरुवातीचे टोक आमच्या हातात दिले. "ओढा." आम्ही ओढले. शिवण आवळली, उसवली नाही. मग त्यांनी दुसरे टोक दिले. त्याला नुसता हात लागला आणि सारे सुटले.

"सुरुवात कच्ची नव्हती तिची," आजी म्हणाल्या. "शेवटचा फासा धरायला त्याच्यापुढं कोणी नसतं. म्हणून टोक त्यातून ओवून घ्यायचं अन् गाठ मारायची. एवढं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. सकाळी स्वयंपाकाची घाई होती."

त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. आमच्या विनोदाविषयी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

त्या रात्री झोप आली नाही तेव्हा आम्ही पुन्हा शमुवेलाकडे गेलो. हन्नेच्या त्या छोट्या झग्यासाठी इब्री भाषेत जो शब्द आहे, तो 'मेईल', शमुवेलाच्या गोष्टीत पुन्हा दोनदा येतो. पंधराव्या अध्यायात शौल राजाला देवाने नाकारले आहे असे सांगून शमुवेल जायला वळतो, तेव्हा त्याच्या झग्याचा काठ हातात धरला जातो आणि फाटतो. आणि अठ्ठाविसाव्या अध्यायात एन-दोरच्या त्या भयाण रात्री शौल त्याला ओळखतो तो अंगावरच्या झग्यावरून. आई दर वर्षी माप वाढवत शिवत राहिली. पुढे तो मुलगा राष्ट्राचा संदेष्टा झाला, तिच्या हातचे कापड केव्हाच विरले असेल, पण त्याच नावाचे वस्त्र अखेरपर्यंत त्याची ओळख राहिले. शौलाला तो काठ फाडायचा नव्हता. त्याला शमुवेलाला थांबवायचे होते, वडीलधाऱ्यांसमोर आपली लाज राखायची होती. त्याने तसे मागितलेही, ते तिसाव्या वचनात आहे. लोकांसमोर आपले चांगले दिसावे म्हणून धरलेला हात कापडाला फार जड होतो. आमच्या चिमटीत धागा होता तेव्हा आम्हांलाही पिशवी नीटनेटकी दिसावी असेच वाटत होते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता तुमच्याशी आणि आमच्याशी. आपल्या शब्बाथ शाळांची सुरुवात कच्ची नसते, ह्याविषयी आमची खात्री आहे. चार वर्षांचे मूल आईचा पदर सोडून वर्गात बसते, सोनेरी वचन पाठ करते, नाताळाच्या नाटकात मेंढपाळ होते, मग ज्ञानी पुरुष होते, कागदी दाढी लावून. प्रत्येक वर्ष मागच्या वर्षाला धरून ठेवते. पंधरासोळाव्या वर्षी ते मंडळीसमोर उभे राहून आपला विश्वास कबूल करते, आपण त्याला पवित्र शास्त्राची प्रत देतो, छायाचित्र काढतो. आणि तेथेच आपण धागा कापतो. पुढच्या जूनमध्ये ते नांदेडला, पुण्याला, हैदराबादला शिकायला जाते. कोणत्या खोलीत राहते, रविवारी कुठे जाते, ह्याची मंडळीच्या वहीत नोंद नसते. आम्ही आमची स्वतःची वही काढून पाहिली. दृढीकरण झालेल्यांची नावे सुवाच्य अक्षरांत होती. पत्त्याचा रकाना कोरा होता. मग दोन वर्षांनी एखाद्या मित्राने, एखाद्या दुःखाने, एखाद्या थट्टेने टोक ओढले की बारा वर्षांची शिवण सुटते, आणि आपण म्हणतो की पोराची श्रद्धा कच्चीच होती.

दृष्टांत फार ताणू नये. ताणला की तोही उसवतो. साखळी टाका वाईट नव्हे. त्याला ताण सोसतो, ज्या कापडाला ओढ बसते तिथे तो मुद्दाम वापरतात. लहान मुलांचा विश्वास एका धाग्याचा असतो आणि तो तसाच असावा. आमचे म्हणणे इतकेच की, शेवटच्या फाशाला धरायला मूल स्वतः पुरत नाही. तेथे कोणा मोठ्याचा हात लागतो. तो हात काय करतो? महिन्याला एक पत्र लिहितो. वसतिगृहाच्या जवळच्या मंडळीच्या पाळकाला कळवतो की आमची अमुक मुलगी तुमच्या गावी आली आहे. सुटीत ती घरी आली की तिला वर्गात नुसते बसवत नाही, लहानांना शिकवायला उभी करतो. ह्याला पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि तो आपण लिलावाच्या रंगात घालवतो.

आणखी एक. दुर्कस वारली तेव्हा यापोच्या विधवांनी पेत्राला काय दाखवले? तिने काय शिकवले, काय भाषण केले, ह्याचा उल्लेख नाही. त्या रडत होत्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखवत होत्या. पेत्र तेथे घाईने बोलावून आणलेला, त्याच्यासमोर प्रेत, आणि तरी तो त्या बायकांचे कपडे पाहत उभा राहिला असला पाहिजे. मगच त्याने सर्वांना बाहेर पाठवले आणि गुडघे टेकले. कोणाच्या हातचे शिवलेले पाहायला थोडा वेळ उभे राहणे, हे प्रेषिताला कमीपणाचे वाटले नाही. आम्ही त्या मुलीची पिशवी उलटीसुलटी करून पाहिलीसुद्धा नव्हती. पाहिली असती तर आतल्या बाजूला ती बारीक, सरळ, एकसारखी साखळी दिसली असती, आणि टोक का लोंबते आहे हे निदान विचारावेसे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस नऊला होती. आम्ही आठालाच त्या घरी गेलो. मुलगी दारामागे होती. आम्ही तिला म्हणालो की काल आमच्याकडून तुझी पिशवी उसवली आणि वर आम्ही तुझी थट्टा केली, ही दोन्ही आमची चूक झाली, आणि मला क्षमा कर. ती काही बोलली नाही. आजीही काही बोलल्या नाहीत. आम्ही मेजापाशी बसून राहिलो. घड्याळाकडे पाहायचे नाही असे ठरवले होते, तरी पाहिले.

थोड्या वेळाने ती आली, यंत्र मेजाच्या कडेला आणून त्याचा स्क्रू आवळला, पिशवी उलटी केली आणि सुईत धागा ओवला. पहिल्या खेपेला ओवला गेला नाही, दुसऱ्या खेपेला गेला. मग आमच्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्ही मूठ फिरवा. हळू. मी कापड धरते." आम्ही फिरवली. जोराने फिरली तेव्हा तिने "हळू" असे पुन्हा सांगितले. शिवण कोपऱ्यापर्यंत आली. तिने धागा लांब ठेवून कापला, टोक शेवटच्या फाशातून ओवले आणि दोन्ही आमच्यापुढे धरले. आम्ही गाठ मारली.

आजींनी चष्मा लावून ती गाठ पाहिली, नखाने सोडवली आणि नातीकडून पुन्हा मारून घेतली. ज्वारी भरून पिशवीची किंमत आम्ही विचारली, तर मुलगी म्हणाली की लिलाव काल झाला, आज विकत नाही. नऊची बस गेली होती. पुढची साडेअकराला होती, तोवर आम्ही आणखी दोन पिशव्यांची मूठ फिरवली.